प्रोसेसर दोषी कधी झाला?

२०१७ साली आलेला एएमडीचा रायझन ५ १६०० हा प्रोसेसर आणि त्याच्या आदल्या वर्षीचे एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड अशी जोडी एखाद्या गेमिंग संगणकात आहे असे धरू. त्यातले कार्ड काढून २०२३ चे आरटीएक्स ४०७० बसवले, की गेमचा वेग कार्डाच्या ताकदीच्या प्रमाणात वाढेल अशी अपेक्षा असते. बऱ्याच गेममध्ये तो तेवढा वाढत नाही. नवे कार्ड अर्धवट भारावर चालते, गर्दीच्या प्रसंगी गेम अडखळतो, आणि निदान ठरून जाते: प्रोसेसर बॉटलनेक आहे. हे निदान बहुधा बरोबरही असते. पण प्रोसेसरला तर कोणी हातही लावलेला नाही. काल तो निर्दोष होता, आज दोषी ठरला, आणि मधल्या काळात त्याच्यात तसूभर फरक पडलेला नाही. स्वतःत काहीच न बदलता एखादी वस्तू दोषाचे कारण कशी होते? माझे उत्तर असे की आपण वस्तूच्या माथी मारतो तो दोष दोन वस्तूंमधल्या संबंधाचा असतो, आणि संबंधाचा असूनही तो पूर्ण खरा असतो, तपासून सिद्ध करता येतो. या उत्तराचा एक भाग धरून दुसरा सोडला की गोंधळ सुरू होतो.

गेममधली प्रत्येक फ्रेम दोन हातांखालून जाते. कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, समोर काय काय दिसायला हवे हे प्रोसेसर ठरवतो आणि रेखाटण्याचे हुकूम कार्डाकडे पाठवतो. कार्ड त्यावरून पिक्सेल रंगवते. कार्ड एक फ्रेम रंगवत असते तेव्हा प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो. त्यामुळे दोघांच्या वेळांची बेरीज होत नाही. ज्याला जास्त वेळ लागतो, त्याच्या चालीने सगळा गेम चालतो. समजा एका फ्रेमसाठी प्रोसेसरला १२ मिलिसेकंद लागतात आणि जुन्या कार्डाला २०. मग सेकंदाला ५० फ्रेम मिळतील आणि प्रोसेसर प्रत्येक फ्रेममागे ८ मिलिसेकंद वाट पाहत बसेल. नवे कार्ड तेच काम ८ मिलिसेकंदांत उरकते. आता सेकंदाला १२५ फ्रेम मिळायला हव्यात, पण मिळतात ८३, कारण १२ मिलिसेकंदांपूर्वी पुढचा हुकूमच येत नाही. थांबण्याची पाळी आता कार्डावर येते. प्रोसेसरचे १२ मिलिसेकंद तेव्हाही होते, आजही तेवढेच आहेत.

यावर पहिला आक्षेप असा की हा नुसता शब्दांचा खेळ आहे. प्रोसेसर मुळातच मंद होता, जुन्या कार्डाच्या आड ती मंदता झाकली गेली होती, एवढेच. हा आक्षेप हलका नाही. सांख्यांच्या सत्कार्यवादाचे हेच म्हणणे आहे: कार्य कारणात आधीपासूनच असते, तिळात तेल असावे तसे, घाण्यात घातल्यावर ते फक्त बाहेर येते. पण बॉटलनेक हे तिळातले तेल आहे का, हे पाहता येते. तीच जोडी घ्या आणि रिझोल्यूशन १९२० × १०८० वरून ३८४० × २१६० करा. पिक्सेल सुमारे २१ लाखांवरून ८३ लाखांवर जातात, म्हणजे बरोबर चौपट. हा वाढीव भार जवळजवळ सगळा कार्डावर पडतो. कार्डाला ८ ऐवजी २५ मिलिसेकंद लागू लागले, तर तोच प्रोसेसर पुन्हा वाट पाहत बसतो आणि बॉटलनेक त्याच्याकडून कार्डाकडे सरकतो. गेम बदलला तरी असेच होते: एखाद्या शहरात शेकडो पादचारी हलवायचे असतील तर प्रोसेसर अडतो, बंद खोलीतल्या गेममध्ये अडत नाही. घाणा बदलला म्हणून तिळातले तेल नाहीसे होत नाही. १२ मिलिसेकंद हा या गेममधला प्रोसेसरचा स्वतःचा हिशेब म्हणता येईल. अडवणूक मात्र त्याच्यात कुठे साठवलेली सापडत नाही.

आणि खरे तर ते १२ मिलिसेकंदही निखळ त्याचे नाहीत. २०२२ साली एएमडीने रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर आणला. आधीच्या ५८००एक्स या प्रोसेसरप्रमाणे त्यालाही आठच कोर, आणि घड्याळाची गती उलट थोडी कमी. फरक एवढाच की त्याची एल-३ कॅश ३२ ऐवजी ९६ मेगाबाइट आहे. तरीही अनेक गेममध्ये तो स्पष्टपणे पुढे निघतो. म्हणजे ५८००एक्सची जी 'मंदता' दिसत होती, तिच्यातला मोठा वाटा रॅमकडून माहिती येण्याची वाट पाहण्यात जात होता. जवळ मोठे कोठार मिळाल्यावर ती वाट पाहणे घटले. प्रोसेसरचा दोष म्हणून आपण जो स्वतंत्र गुण पकडू पाहतो, तो पकडताच पुन्हा दोन गोष्टींमधला संबंध निघतो. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

दुसरा आक्षेप अगदी उलट दिशेने येतो. सगळे काही संबंधांतच असेल, तर दोष कुणाचाच नाही आणि सगळ्यांचाच आहे. मग निदान करायचे तरी कशाला? इथे नैयायिकांची शिस्त उपयोगी पडते. घडा घडताना पुष्कळ गोष्टी हजर असतात. माती वाहून आणणारे गाढवही हजर असते. तरी ते घड्याचे कारण नव्हे. त्याला ते अन्यथासिद्ध म्हणतात, कारण त्याच्यावाचून घडा घडू शकतो. हजेरी आणि कारणता वेगळ्या करण्यासाठी अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पाहावे लागतात: ते असताना हे असते का, आणि ते काढले तर हेही जाते का. टास्क मॅनेजरमधला प्रोसेसर-वापराचा एकूण आकडा हे आपले गाढव. रायझन ५ १६०० मध्ये सहा कोर आणि बारा थ्रेड आहेत. गेमचा मुख्य थ्रेड एकटाच पूर्ण भरला तर एकूण आकड्यात त्याचा वाटा जेमतेम ८ टक्के दिसतो. म्हणून 'प्रोसेसर तर ४० टक्क्यांवरच आहे' एवढ्यावरून तो निर्दोष सुटत नाही. उलट, मागे दुसरे काही काम चालू असेल तर आकडा फुगलेला दिसेल आणि गेम मात्र कार्डापाशी अडलेला असेल.

मग कार्डाचा आकडा पाहावा म्हटले, तर तिथे दुसरा सापळा असतो. 'कार्ड मोकळे आहे, त्याअर्थी प्रोसेसर मंद आहे' हे अनुमान सरळ वाटते. पण अग्नी दिसला म्हणून धूर असेलच असे म्हणता येत नाही. त्यासाठी लाकूड ओले असावे लागते. न्यायशास्त्रात या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. कार्डाच्या मोकळेपणामागेही अशी अट लपलेली असते: फ्रेमना कुणी मर्यादा घातलेली नसली पाहिजे. ६० हर्ट्झचा मॉनिटर आणि व्ही-सिंक चालू असेल, तर कार्ड ४० टक्क्यांवर आरामात असते आणि प्रोसेसरही आरामात असतो. तिथे दोषी कोणीच नाही. मर्यादा काढावी, मग रिझोल्यूशन खाली आणावे. कार्डाचा भार घटूनही फ्रेम वाढल्या नाहीत, तर अडवणूक प्रोसेसरच्या बाजूची आहे. 'बाजूची' हा शब्द मी जपून वापरतो आहे, कारण त्या बाजूला रॅमही असते. ३२०० ची रॅम बायोसमधले प्रोफाइल सुरू न केल्यास २१३३ वर चालत राहू शकते, आणि पहिल्या पिढीच्या रायझनला रॅमची गती फार लागते, कारण त्याच्या आतल्या जोडणीची गती तिलाच बांधलेली असते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी: आधी प्रोफाइल, मग गेममधली गर्दीची सेटिंग, आणि दर वेळी तोच प्रसंग पुन्हा मोजावा. इतके झाल्यावर निघालेला निर्णय निश्चित असतो. दोष संबंधाचा असला तरी बदलायचा भाग ठरवता येतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: यंत्राचे हे शहाणपण माणसांना लावू नये. दोष संबंधाचा म्हटले की प्रत्येक जण परिस्थितीकडे बोट दाखवून सुटेल. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना चेष्टा आणि दैव; आणि एकट्या आत्म्यालाच कर्ता मानणाऱ्याला नीट दिसत नाही, असेही म्हटले आहे. पण म्हणून तो अध्याय कर्त्याला मोकळा सोडत नाही. थोडे पुढे गेल्यावर कर्त्याचेच सात्त्विक, राजस, तामस असे प्रकार केले आहेत. कारणे पाच मानल्याने कर्त्याची जबाबदारी मोजली जाते, माफ होत नाही. मराठी माध्यमातून शाळेत पहिला आलेला मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी इंग्रजी व्याख्यानांत मागे पडतो आणि लगेच 'कच्चा' ठरतो. त्याने अभ्यास केला नसेल तर तो त्याचा दोष आहेच. पण 'कच्चा' हा शब्द मुलगा आणि शिकवण्याची भाषा या दोघांमधले अंतर एकट्या मुलाच्या अंगावर चिकटवतो. शिवाय संगणकात जुने कार्ड परत बसवून व्यतिरेक पाहता येतो. त्या मुलाचे तेच वर्ष मराठीत पुन्हा घडवून पाहता येत नाही. जिथे तपासणीच अपुरी, तिथे शिक्का मारण्याचा अधिकारही तितकाच अपुरा. शिक्षकांनी आणि पालकांनी निदान हा फरक मान्य करावा.

आणि तो प्रोसेसर अखेर काढून विकायचा झालाच, तर त्याच्यावर 'खराब' असे लिहू नये. आरटीएक्स ४०७० ला तो पुरला नाही, असे लिहावे. जीटीएक्स १०६० ला तो बहुतेक गेममध्ये आजही पुरतो.