एका वॅटचा दिवा

ज्या वस्तूवाचून काम अडत नाही, ती वस्तू अनावश्यक म्हणावी काय? गेल्या दिवाळीपर्यंत या प्रश्नाचे उत्तर मी बेधडक 'होय' असे दिले असते.

आमच्या गिरगावातल्या घरी वडिलांनी १९६२ साली घेतलेला व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. लाकडी पेटी, पुढे जाड कापड आणि काचेच्या पट्टीवर मुंबई, दिल्ली, कोलंबो, लंडन अशी नावे. वडील गेले, रेडिओ आईच्या उशाशी राहिला. पुढे एक दिवस काचेमागचा दिवा गेला. आई म्हणाली, "अरे, तेवढा दिवा बसवून दे."

"अगं, रेडिओ लागतो ना? मग दिव्यावाचून काय अडलंय?" मी म्हणालो.

शास्त्राने माझे बरोबर होते. आमच्या रेडिओत व्हॉल्व्हचे तंतू आणि हा दिवा ट्रान्सफॉर्मरच्या एकाच ६.३ व्होल्टच्या गुंडाळीवर समांतर जोडलेले आहेत. दिवा गेला तरी बाकीच्यांचे काही बिघडत नाही. आईने विषय पुन्हा काढला नाही. काही दिवसांनी तिने रेडिओ लावणेच सोडले. मला वाटले, वयाबरोबर आवड ओसरली असेल. सोयीचे कारण सापडले की माणूस पुढे शोधत नाही.

गेल्या दिवाळीच्या झाडलोटीत रेडिओ पुसताना मी सहज विचारले, "हल्ली लावत नाहीस?"

"मला कमी ऐकू येतं रे. बटण फिरवलं की दिवा लागायचा; मग कळायचं, लागलाय, आता जरा थांबायचं. आता काहीच कळत नाही. दोनदा रात्रभर चालू राहिला. तू रागावलास."

रागावलो होतो खरा. व्हॉल्व्ह तापून आवाज यायला वेळ लागतो; दिवा मात्र तत्काळ लागतो. मी ज्याला शोभा समजत होतो, तो तिच्यासाठी निरोप होता.

दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोड गाठला. वाट अवघी वीस मिनिटांची. निघायला मला दोन वर्षे लागली. एका दुकानदाराने दिलेला बारा व्होल्टचा दिवा राखेखालच्या निखाऱ्यासारखा मिणमिणला. दुसऱ्याने एलईडी पुढे केला. अखेर गल्लीतल्या एका वृद्ध कारागिराने माझ्या हातातला जळका दिवा भिंगाखाली धरला. "व्होल्ट, अँपिअर आणि बूड, तिन्ही जुळायला हवं," म्हणत त्याने पत्र्याच्या डब्यातून एक दिवा काढला. ६.३ व्होल्ट, ०.१५ अँपिअर, आट्यांचे बूड. म्हणजे जेमतेम एक वॅट!

दिवा तपासता तपासता तो म्हणाला, "काही जुन्या अमेरिकन रेडिओंत हा दिवा रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या तंतूच्या एका भागाला जोडलेला असायचा. दिवा गेला तरी रेडिओ वाजायचा. पण दिव्याच्या वाटचा प्रवाह त्या तंतूवर पडायचा आणि व्हॉल्व्ह लवकर जायचा."

परतताना ते वाक्य मनातून जाईना. आमच्या रेडिओची जोडणी तशी नव्हती. आमच्या घराची मात्र होती. दिवा गेल्यावर सारे सुरळीत चालले होते, कारण त्याचा भार आई मुकाट्याने सोसत होती.

मग घरातली प्रत्येक अडगळ जपावी काय? नव्हे. तसे केले तर घरात माणसांना जागा उरणार नाही. पण एखादी वस्तू अनावश्यक ठरवण्यापूर्वी आपण 'माझे काही अडते का?' एवढेच विचारतो. विचारायला हवे ते हे, की 'कुणाचे काही अडते का?' आणि ज्याचे अडते तो बहुधा दुसऱ्यांदा मागत नाही.

संध्याकाळी दारात पणत्या लागल्या. मी दिवा बसवला आणि आईला हाक मारली. तिने बटण फिरवले. काचेवरची गावे पिवळ्या उजेडात उमटली. आवाज यायला अजून अवकाश होता. आम्ही दोघे थांबलो.