संगमरवरी मंदिर आणि गाभाऱ्यातला काळोख

पांढऱ्या संगमरवराचे भव्य मंदिर ही महाराष्ट्रात तशी अलीकडची गोष्ट. इथला दगड काळा. घाटावर बेसॉल्टमध्ये देवळे कोरली गेली, कोकणात जांभ्याच्या भिंतींवर कौलारू छपरे चढली. संगमरवर येतो तो मुख्यतः राजस्थानातून. ठाण्याजवळच्या दिवा परिसरात राहणाऱ्याला काळ्या दगडाची आणि संगमरवराची, अशी दोन्ही प्रकारची देवळे हाकेच्या अंतरावर आहेत. शिळफाट्याच्या बाजूला खिडकाळीचे जुने शिवमंदिर आहे, कल्याणपलीकडे अंबरनाथ आहे आणि ठाण्याहून पनवेलच्या लोकलने खारघरला उतरले की इस्कॉनचे राधा मदनमोहन मंदिर. पांढऱ्या आणि तपकिरी संगमरवरातले, नऊ एकरांवरचे हे मंदिर १५ जानेवारी २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते खुले झाले. अशा ठिकाणी गेलेल्या भाविकाच्या मनात अनेकदा एक प्रश्न येतो: प्रसन्न वाटले, पण देवळात गेल्यासारखे का वाटले नाही? हा प्रश्न गंभीरपणे घ्यावा असाच आहे.

त्याचे उत्तर शोधायला अंबरनाथला जावे. शिलाहारांच्या काळातल्या या मंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. बाहेरच्या भिंतीवर ऊन खेळते. देव, अप्सरा, पशू, वेली यांची दाटी डोळ्यांत मावत नाही. मंडपात शिरताच प्रकाश निम्मा होतो, आणि गाभारा तर मंडपाच्या पातळीच्या खाली आहे. पायऱ्या उतरूनच लिंगापाशी पोहोचावे लागते. बाहेर रूपांची गर्दी, आत जवळजवळ रूपहीन लिंग. सगुणाकडून निर्गुणाकडे जाण्याचा हा क्रम दगडात बांधलेला आहे. ज्याला वेदान्ताचे एक अक्षर ठाऊक नाही, त्याच्याही पायांना तो कळतो. गाभाऱ्यात डोळे काही क्षण निकामी होतात, मग समईच्या उजेडात देव हळूहळू दिसू लागतो. त्या थांबण्याला दर्शनात मोठे मोल आहे.

संगमरवरी मंदिराची रचना वेगळ्या भूमिकेतून येते. इस्कॉन ज्या गौडीय वैष्णव परंपरेतले आहे, तिचा उगम चैतन्य महाप्रभूंपासून (जन्म १४८६) झाला. तिच्यात नामसंकीर्तन हीच मुख्य उपासना. कीर्तनाला मोकळा, उजळ, शेकडो लोक सामावणारा सभामंडप लागतो आणि सर्वांना एकाच वेळी देव दिसावा लागतो. म्हणून इथे देव खोल आत बसत नाही; पडदा सरला की सजलेल्या मूर्ती समोर असतात. रामानुजांच्या संप्रदायाने अर्चा, म्हणजे पूजेतली मूर्ती, हे भगवंताच्या पाच रूपांपैकी एक मानले. भक्तासाठी देव स्वतःहून सुलभ होतो, हा त्यामागचा विश्वास. इस्कॉनची मूर्तिपूजाही त्याच विश्वासावर उभी आहे. ज्याला सुलभ व्हायचे आहे त्याने अंधारात का बसावे, असे ही परंपरा विचारू शकते, आणि तिचे विचारणे रास्त आहे. महाराष्ट्राला ही वाट परकीही नाही. चैतन्य महाप्रभू दक्षिणयात्रेत पंढरपूरला आले होते, असे ‘चैतन्यचरितामृत’ सांगते.

उजेडाच्या बाजूने आणखी एक गोष्ट बोलते, आणि ती विसरता कामा नये. गाभाऱ्याचा काळोख सर्वांच्या वाट्याला कधीच आला नाही. चोखोबांची समाधी पंढरीच्या महाद्वाराबाहेर आहे. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० पासून सत्याग्रह करावा लागला, आणि विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला बसावे लागले. उलट बिर्लांनी बांधलेले दिल्लीचे लक्ष्मीनारायण मंदिर सर्व जातींना खुले राहील या अटीवरच गांधीजींनी १९३९ मध्ये त्याचे उद्घाटन केले. त्या मंदिरापासून नव्या भव्य मंदिरांची जी मालिका सुरू झाली, तिच्यात मोकळे दार ही सुरुवातीपासूनची अट होती. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

मग पावित्र्य दगडात असते का? परंपरेचे उत्तर स्पष्ट आहे: नाही. दगड दगडच असतो; प्राणप्रतिष्ठा आणि नित्यपूजा यांनी तो देव होतो. सर्वव्यापी ब्रह्माची उपासना लहानशा स्थानी कशी करावी हे सांगताना शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात शाळिग्रामातल्या विष्णूचा दाखला देतात. या विचाराने खारघरचा देव आणि खिडकाळीचा देव यांत उणेअधिक काही उरत नाही.

तरीही साहित्य अगदीच गौण नाही, कारण पूजा हाताने होते. संगमरवर हा कॅल्शियम कार्बोनेटचा दगड आहे. दही, लिंबू, कोणतेही आंबट त्याची झिलई खाते, आणि हळद-कुंकवाचे त्यावर डाग पडतात. म्हणून संगमरवरी मूर्तीला नेसवतात, सजवतात. अभिषेकासाठी सहसा धातूची छोटी मूर्ती वेगळी ठेवतात. काळ्या पाषाणाच्या पिंडीवर मात्र दूध-पाणी थेट पडते आणि भक्ताचा तळहात देवाला लागतो. एका ठिकाणी पाहणे, दुसऱ्या ठिकाणी स्पर्श. विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकवण्यासाठी तासन् तास रांगेत उभे राहणाऱ्या वारकऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

खरा अनर्थ होतो तो एका परंपरेवर दुसरीचे कातडे चढवले जाते तेव्हा. पंढरपूरच्या मंदिरातही कालांतराने संगमरवर आणि ग्रॅनाइटच्या फरश्या बसल्या होत्या. २०२४ च्या संवर्धनकामात त्या काढण्यात आल्या. १५ मार्चपासून पदस्पर्शदर्शन बंद ठेवून काम झाले आणि २ जूनला मूळ दगडी रूपातल्या गाभाऱ्यात दर्शन पुन्हा सुरू झाले. हा निर्णय योग्य होता. जो काळोख ज्या देवळाच्या रचनेचाच भाग आहे, तो पुसला तर देवळाचे निम्मे सांगणे पुसले जाते. नव्या मंदिराने पांढरे, उजळ, विशाल असावे. त्याची उपासना तशीच आहे. जुन्याने त्याची नक्कल करू नये.

दिव्यात कोकणातून आलेली असंख्य कुटुंबे आहेत. सावंतवाडीची गाडी इथूनच सुटते. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी याच चाळींतून आणि इमारतींतून जमते, आणि ठरावात चकचकीत फरशीचा आग्रह बहुतेक वेळा शहरातल्या मंडळींचाच असतो. प्रेमापोटी होते हे सारे. पण पैसे पाठवण्याआधी ग्रामस्थ मंडळांनी एवढे करावे: छप्पर गळत असेल तर ते आधी दुरुस्त करावे, सभामंडप हवा तेवढा वाढवावा, आणि जांभ्याच्या गाभाऱ्याला हात लावू नये.