ओळखल्यावांचून मारणें

घरामागें चार वाफे भाजीपाला लावणाऱ्या मनुष्यापुढें नीतीचा एखादा बिकट प्रश्न उभा राहील असें सहसा कोणास वाटत नाहीं. परंतु वाचकहो, एखाद्या सकाळीं वालाच्या वेलाचे कोवळे शेंडे माव्यानें काळे पडलेले दिसले, आणि कोनाड्यांत विषाची बाटली तयार असली, म्हणजे तो उभा राहतोच. कीड मारावी कीं मारूं नये, हा तो प्रश्न नव्हे. मुलांच्या तोंडचा घांस राखण्यासाठीं ती मारावी लागते, व त्याबद्दल कोणीं फार शोक करीत बसावें असें मला वाटत नाहीं. प्रश्न निराळाच आहे : ज्यास आपण ओळखत नाहीं, त्यास मारण्याचा अधिकार आपणांस आहे काय?

हा प्रश्न मला कोणत्याही ग्रंथानें शिकविला नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वालावर मावा पडला. त्या माव्यांत काळसर, खरबरीत अंगाच्या, नारिंगी ठिपक्यांच्या, सुसरीच्या पिलांप्रमाणें दिसणाऱ्या लहान लहान अळ्या फिरत होत्या. त्या इतक्या कुरूप कीं, मुख्य अपराधी ह्याच, असें ठरवून मी त्या एकेक वेंचून चिरडूं लागलों. कुंपणापलीकडून शेजारच्या वृद्ध बाई पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, हिला कशाला मारतां? ही तर माव्याला खाते." त्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या. ठिपक्यांचा तांबडा ढालकिडा मला लहानपणापासून ठाऊक होता. तळहातावर घेऊन आम्ही त्यास उडवीत असूं. पण त्याचें बाळपण असें असतें हें मला माहीत नव्हतें. अशी एक अळी वाढतां वाढतां माव्याचे शेंकडों किडे खाऊन टाकते. मीं तीस-चाळीस तरी मारल्या होत्या. पुढें पंधरा दिवसांत सारा वेल चिकट झाला, व त्या वर्षीं आम्हांस वालाच्या शेंगा विकत घ्याव्या लागल्या.

बरें, ठिपके दिसले कीं मित्र समजावें, तर तेंही खरें नाहीं. वांग्याच्या पानांवर विटकरी रंगाचा, अठ्ठावीस ठिपक्यांचा एक भुंगा बसतो. तो ढालकिड्याच्याच कुळांतला. पण तो पानाचा हिरवा भाग खरवडून त्याची चाळण करून टाकतो, आणि त्याची पिवळी, काटेरी अळीही तेंच काम करिते. एकाच कुळांतला एक राखणदार, दुसरा चोर! गहूं व निदण ह्यांच्या दाखल्यांतील धन्यास हीच भीति वाटली होती कीं, उपटणारा हात चुकेल. हातास निदान डोळ्यांची सोबत असते. फवाऱ्यास ती नसते.

फवाऱ्याच्या ह्या आंधळेपणाचा एक मोठा दाखला अमेरिकेंत घडला. कॅलिफोर्नियांतील संत्र्या-लिंबांच्या बागा कापसासारख्या पांढऱ्या खवलेकिडीनें उजाड होऊं लागल्या, तेव्हां १८८८-८९ सालीं ऑस्ट्रेलियांतून ढालकिड्यांची एक जात तेथें आणण्यांत आली. आणलेले किडे कांहीं शेंकडेच होते. परंतु त्यांनीं थोड्याच काळांत त्या बागा वांचविल्या. पुढें १९३९ सालीं स्वित्झर्लंडमधील पॉल म्युलर ह्यांस डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण आढळला, व १९४८ सालीं त्याबद्दल त्यांस नोबेल पारितोषिकही मिळालें. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच प्रांतांतील बागांतून हें औषध मारूं लागले, तेव्हां ढालकिडे मेले आणि जवळजवळ विसरलेली खवलेकीड पुनः उसळून आली. विष दोघांवरही पडतें. पण कीड लवकर वाढते, आणि तिला खाणारा मागें राहतो. म्हणून पहिल्या फवाऱ्यानंतर दुसरा लागतो, व दुसऱ्यानंतर तिसरा.

विष वाफ्यापुरतें राहत नाहीं, हें तर आतां सर्वांस ठाऊक आहे. २०१७ सालीं आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन विसांहून अधिक माणसें दगावलीं. त्या शेतकऱ्या-मजुरांस बोधामृत पाजण्याची माझी छाती होत नाहीं. डोक्यावर कर्ज आणि पुढें एकरोगणती पीक असतां प्रत्येक पान कोण उलटून पाहील? पण ज्याचीं सारीं झाडें मिळून पंधरा आहेत, त्यानें ही सबब सांगूं नये.

येथें कोणी म्हणेल कीं, बाजारचें विष नको तर घरगुती उपाय करावेत. करावेत, पण "घरगुती" ह्या शब्दानें भुलूं नये. तंबाखूचा काढा घरींच होतो, तथापि त्यांतील विष मनुष्याच्या कातडींतूनही आंत शिरतें. साबणाचें पाणी माव्यास मारतें, तसेंच अंगावर पडल्यास ढालकिड्याच्या कोवळ्या अळीसही मारतें. ह्या बाबतींत मला लिंबोळीचा न्याय अधिक बरा वाटतो. पन्नास ग्रॅम लिंबोळीचा गर कुटून एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजत ठेवावा व गाळून संध्याकाळीं फवारावा, कारण उन्हानें त्याचा गुण लवकर जातो. त्यानें किडीची खाण्याची वासना मरते, व तिला नीट कातही टाकतां येत नाहीं. अर्थात् जो पान खातो त्यासच तो मुख्यतः बाधतो. पान न खाणाऱ्या ढालकिड्यास त्याचा त्रास पुष्कळ कमी होतो. आणि वांग्याचा शेंडा मान टाकूं लागला कीं, आंत अळी आहे असें समजून तेवढाच शेंडा खुडून नष्ट करावा. त्यास औषध कशाला हवें?

परंतु ह्या सर्वांत कठीण गोष्ट पुढेंच आहे. मावा अगदींच नसला, तर ढालकिडा उपाशी राहून निघून जातो. राखणदार हवा असेल, तर थोडा चोरही पोसावा लागतो. हें आमच्या घरांत अद्याप मान्य झालेलें नाहीं. "शेंगा पाहुण्यांपुढें ठेवायच्या कीं किड्यांपुढें?" असें मला विचारण्यांत येतें, व त्यावर समाधानकारक उत्तर मजपाशीं नाहीं.

तरी यंदा कुंपणाकडील एक शेंडा मीं तसाच राहूं दिला आहे. त्यावर मावा आहे, आणि कालच एका पानाखालीं पिवळ्या अंड्यांचा लहानसा पुंजका दिसला. ढालकिड्याचीं अंडीं पिवळीं असतात. वांग्यावरील त्या भुंग्याचींही पिवळींच असतात. तीं कोणाचीं हें कळण्यास तीन-चार दिवस लागतील. तोंपर्यंत त्या पानास कोणीं हात लावूं नये, असें मीं मुलांस सांगून ठेविलें आहे.