हयातीचा दाखला

आम्हां बँकवाल्यांचं एक बरं असतं. निवृत्तीची तारीख नोकरीला लागतानाच ठरलेली असते. साठ पूर्ण झाली की शाल, श्रीफळ, भिंतीवरचं एक घड्याळ आणि 'यांची उणीव भासेल' हे साहेबांचं भाषण. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर दुसरा माणूस बसतो आणि उणीव कुणालाच भासत नाही. भासलीच तर कॅशमध्ये. वन्समोर द्यायला कुणी बोलावत नाही. आमच्या खतावण्यांत वन्समोर घेण्यासारखं असतं तरी काय!

गाणाऱ्या-नाचणाऱ्यांना अशी तारीख कुणी देत नाही. आवाज थकतो, पाय जड होतात, गर्दी विरळ होते आणि मग लोक निकाल देतात, "यांनी वेळेवर थांबायला हवं होतं." बारामती-इंदापूर एस.टी.त हा निकाल मी कितीदा तरी ऐकला आहे. देणारे गृहस्थ बहुधा कुठल्या तरी सोसायटीचे पंचवीस वर्षं चेअरमन असतात. थांबण्याचा विचार त्यांना स्वतःचा स्टॉप आल्याशिवाय कधी सुचलेला नसतो.

पण प्रश्न खरा आहे. कलावंतानं थांबावं कधी? आणि त्याचे दिवस सरल्यावर आपण त्याचं काही देणं लागतो का?

बालगंधर्वांचंच पाहा. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आलेल्या या मुलानं पुढं अख्ख्या महाराष्ट्राला वेड लावलं. बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायला शिकल्या. १९३५ साली 'धर्मात्मा' चित्रपटात ते एकनाथ झाले, पण शेवटी पुन्हा लुगडं नेसून रंगभूमीवरच उभे राहिले. तोवर वय पन्नाशीकडे झुकलं होतं आणि लोक बोलपटाकडे वळले होते. पुढं पायांनीही साथ सोडली. वन्समोर मागणारेच आता हळहळू लागले. हळहळीचं एक बरं असतं, तिला तिकीट पडत नाही.

नारायणराव प्रेक्षकांना 'मायबाप' म्हणत. घोटाळा तिथंच झाला असावा. खरे आईबाप लेकरांच्या आधी म्हातारे होतात. हे मायबाप म्हातारे होतच नाहीत. जुने घरी बसतात, त्यांच्या खुर्च्यांवर नवे तरुण येऊन बसतात. म्हातारं होतं ते फक्त लेकरू.

आता कुणी म्हणेल, तिकीट काढलं, टाळ्या वाजवल्या, व्यवहार मिटला. मी कॉमर्सचा पदवीधर, मला हे पटायला हवं. पण तिकीट हे त्या रात्रीच्या खुर्चीचं भाडं. त्या रात्री ऐकलेलं पद माणूस पुढं चाळीस वर्षं न्हाणीघरात गुणगुणतो, त्याचं भाडं कुणी भरायचं? बँकेत खात्यावर दोन वर्षं व्यवहार झाला नाही की ते निष्क्रिय ठरतं. दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तरी ती बुडत नाही. ठेवीदार आला, तर द्यावीच लागते. बँकेसारख्या कोरड्या संस्थेला जे कळतं, ते रसिकांना कळू नये?

खुद्द नारायणरावांची कंपनी कर्जात बुडाली, तेव्हा नादारी न घेता त्यांनी ते कर्ज फेडलं. नादारी घेतली ती मायबापांनी. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचं भूमिपूजन १९६२ साली त्यांच्याच हस्ते झालं. १९६७ साली ते गेले आणि रंगमंदिर उघडलं २६ जून १९६८ला, त्यांच्या जन्मदिवशी. परतफेड झाली, पण मुदत उलटल्यावर.

आमच्या काउंटरवर एक ढोलकीवाले बाबा येतात. एके काळी जत्रेत त्यांची ढोलकी ऐकायला माणसं रात्ररात्र बसत. ज्येष्ठ कलावंतांचं सरकारी मानधन त्यांना मिळतं. २०२४ साली ते महिना ५,००० रुपये झालं. त्यासाठी वर्षाला हयातीचा दाखला लागतो, म्हणून सही-शिक्क्याला ते आमच्याकडे येतात.

"साहेब," ते म्हणाले, "जित्ता हाय एवढंच लिवा. वाजवतो का, ते लिवू नका."

"का हो बाबा?"

"लिवलं तर वाजवावं लागंल न्हवं!"

असं म्हणताना त्यांची बोटं काउंटरच्या काचेवर चालूच होती. आमचा शिपाई शिक्के मारत होता, तो नकळत त्या ठेक्यावर मारू लागला. रांगेतल्या कुणी त्या दिवशी 'लवकर करा' म्हटलं नाही.

तेव्हा थांबायचं कधी, हे ज्याचं त्यानं ठरवावं. बोटं चालतात तोवर वाजवणाऱ्यानं वाजवावं. आपण ठरवायचं एवढंच, की समोर बसायचं की नाही. बसलो, तर आज समोर जे आहे ते ऐकावं आणि जुनी बाकी आठवावी. 'पूर्वीचं राहिलं नाही' असं म्हणत आपण शोधत असतो ती त्याची ढोलकी नव्हे, आपली विशी-पंचविशी. ती त्याच्याकडे ठेव म्हणून ठेवलेली नव्हती. आणि ज्याला हे पटत नसेल, त्यानं एकदा न धरता जमिनीवरून उठून पाहावं.