झाकली मूठ

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. घरात चकल्यांचा घाणा चालू होता. भर दुपारी मावशी आली आणि आपला मोबाईल माझ्या हाती देऊन हलकेच म्हणाली, "दवाखान्यातून सहा कागद आलेत यात. विम्याच्या अर्जाला त्यांची चित्रं लागतात म्हणे. तूच करून दे. दुकानात नको नेऊस हं. सुनांना अजून काही ठाऊक नाही."

काम तसे क्षुल्लक. कागद होते पीडीएफचे, अर्जाला हव्या होत्या जेपेगच्या प्रतिमा. पहिला कागद मी सवयीने एका फुकटच्या संकेतस्थळावर चढवला आणि क्षणात चित्र हाती आले. दुसरा चढवताना मात्र बोट थबकले. दुकानात नेऊ नकोस, असे ती म्हणाली होती. मग मी काय केले होते? गल्लीतले दुकान टाळून, ज्याचा दुकानदार मी कधी पाहिला नाही अशा दुकानात तिचा कागद नेला होता!

पुतण्या हसला. "काका, तासाभरात पुसून टाकतो, असं त्यांनी लिहिलंय. आणि कोट्यवधी कागदांत आजीचा कागद वाचतोय कोण?"

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. ते वचन पाळलेही गेले असेल. पूर्वी पोस्टकार्ड तर सारा वाडाच वाचत असे. तेव्हा जुना काळ मोठा सोवळा होता, असेही मी म्हणणार नाही. पण पोस्टकार्डावर काय लिहायचे, हे लिहिणारा ठरवी. इथे ठरवले मी, आणि गुपित होते मावशीचे.

'लपवण्यासारखे काही नसेल तर भ्यायचे कशाला?' असे आपण सहज विचारतो. परंतु न्हाणीघराची कडी आपण लावतो, ती काही आत पाप करतो म्हणून नव्हे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला, त्यातही माणसाच्या प्रतिष्ठेचाच विचार होता. माझे गुपित मी चव्हाट्यावर मांडीन; तो माझा अधिकार. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेले गुपित मात्र ठेवीसारखे असते. ठेव हरवली नाही, एवढ्यावर ती परस्पर दुसरीकडे ठेवणारा निर्दोष ठरतो काय?

खरी गंमत पुढेच होती. पीडीएफमध्ये कोणते अक्षर पानावर कुठे बसायचे, याची जणू टाचणे असतात. त्याचे चित्र करायचे म्हणजे पानाचे बारीक ठिपके पाडून प्रत्येकाला रंग द्यायचा. ए-४ आकाराच्या पानावर, इंचाला ३०० या हिशेबाने, हे ठिपके सुमारे ८७ लाख भरतात. एवढे रंगकाम घरातला साधा संगणकही काही क्षणांत करतो! त्यासाठी कागद उंबऱ्याबाहेर नेण्याची गरजच नव्हती. मी इंटरनेट तोडले आणि उरलेले पाच कागद संगणकातल्याच एका प्रोग्रॅमने करून पाहिले. झाले. तिच्या आधार क्रमांकाचे पहिले ८ आकडेही तिथेच झाकले. पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढली, तर खालची अक्षरे कधी कधी तशीच शाबूत राहतात. चित्रातल्या गडद पट्टीखाली मात्र काही उरत नाही.

म्हणजे मी जे बाहेर धाडले, ते अडचणीपोटी नव्हे, केवळ आळसापोटी. दुसऱ्याचा विश्वास आपण मोडतो तो बहुधा असाच. दुष्टपणाने नव्हे, तर दोन मिनिटे वाचवण्यासाठी.

गप्प बसलो असतो, तर मावशीला कधी कळलेही नसते. पण मग तिची मूठ मी दुसऱ्यांदा उघडल्यासारखे झाले असते. संध्याकाळी मी तिला सारे सांगितले. संकेतस्थळ वगैरे तिला कितपत उमगले कोण जाणे. पण "एक कागद बाहेर गेला" हे कळले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "सांगितलंस, बरं केलंस. पण आधी विचारायचं होतंस रे."

अंगणात पणत्या लागल्या होत्या. फराळाचा डबा घेऊन ती निघाली. पुढल्या वेळी ती तिचे कागद माझ्याकडे आणील का, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.