वीस मीटरचे माप

न्याय करावयाचा तर माप हवे, हे कोणीही मान्य करील. सरकारी तिजोरीतला पैसा सर्वांच्या घामाचा. तो खऱ्या गरजवंताच्या हाती पडावा, ही अपेक्षा गैर नाही. परंतु जे आज एक आणि उद्या दुसरेच असते, त्याला कोणते माप लावावे?

मल्टिपल स्क्लेरोसिस हा असाच आजार. शरीराची संरक्षक यंत्रणाच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावर उलटते आणि मेंदूचे निरोप वाटेत अडखळतात. शार्को या फ्रेंच वैद्याने १८६८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. पुष्कळ रुग्णांत तो भरती-ओहोटीसारखा येतो-जातो. सकाळी जिना चढलेल्या माणसाला संध्याकाळी दारापर्यंत जाणेही जड जाते. उष्म्याने त्रास वाढतो, आणि थकवा तर बाहेरून दिसतच नाही.

इंग्लंड व वेल्समध्ये काम करण्याच्या वयातील अपंगांसाठी २०१३ पासून ‘पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट’ हा भत्ता आला. उभे राहून वीस मीटरपेक्षा अधिक चालता येत नसेल, तर बारा गुण आणि फिरण्यासाठीचा वरचा दर मिळतो. वीस ते पन्नास मीटर चालणाऱ्यास आठ किंवा दहा गुण, म्हणून खालचा दर. वरचा दर मिळणाऱ्यास १९७७ साली स्थापन झालेल्या मोटॅबिलिटी योजनेतून मोटार भाड्याने घेता येते. फेरतपासणीत तो दर गेला, की मोटारही परत करावी लागते.

कायदा अविचारी आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. चालणे सुरक्षितपणे, नीट, पुनःपुन्हा आणि वाजवी वेळात जमते का, हे पाहावे; निम्म्याहून अधिक दिवस जी स्थिती असते ती धरावी, असे नियमच सांगतात. अडचण निराळी आहे. तपासणाऱ्यासमोर वर्ष नसते, एक तास असतो. आणि स्वाभिमानी रुग्ण ‘कसे आहात?’ या प्रश्नाला सवयीने ‘बरे आहे’ असेच उत्तर देतो. ज्या धीराने तो आजार सोसतो, तो धीरच त्याच्याविरुद्ध साक्ष देऊ लागतो. मोटारीमुळे तो कामावर जातो. कामावर जातो म्हणून त्याला मोटारीची गरज नाही, असा उलटा निष्कर्ष निघण्याचा धोका असतो.

चूक दोन्ही बाजूंनी संभवते. अपात्राला मिळाले, तर तोटा सर्वांत वाटला जातो. पात्राला नाकारले, तर साऱ्या चुकीचा भार एकाच खांद्यावर पडतो, तोही सर्वांत दुबळ्या. त्याचा उंबरठाच त्याची सीमा होतो. म्हणून जेथे शंका उरते, तेथे भार समाजाने उचलावा, हेच न्यायाला धरून आहे. बरा होऊ शकणाऱ्याची फेरतपासणी समजू शकते. वाढतच जाणाऱ्या आजारात ती वारंवार करणे म्हणजे दुःखाचा पुरावा पुन्हा पुन्हा मागणे होय.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने एकवीस अपंगत्वांत या आजाराचा समावेश केला. अनेक सवलतींसाठी चाळीस टक्क्यांची अट आहे. म्हणजे मापाचा प्रश्न आपल्याही दारात आहेच. आणि दाखल्याविनाही आपण मोजतोच की! ‘काल तर चांगला चालत होता,’ असे शेजाऱ्याविषयी आपण किती सहज बोलून जातो. तो काल चालला, हे खरेच. पण त्यानंतर त्याची रात्र कशी गेली, हे आपण विचारले होते काय?