बंदिवान आणि परभाषा

तुरुंगात भाषा शिकण्याची परंपरा आपल्याकडे मोठ्या मानाची आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या बंदिवासात (१९०८ ते १९१४) जर्मन व फ्रेंच ह्या भाषांचा अभ्यास केला. विनोबांनी वेल्लोरच्या कारागृहात दक्षिणेकडील चार भाषा हस्तगत केल्या. ही उदाहरणे सांगताना आपण नकळत तुरुंगालाच गुरुकुलाची पदवी देऊन टाकतो. वस्तुतः हे पुरुष तुरुंगात गेले ते आपली विद्या बरोबर घेऊनच. एकांत विद्येला पोषक खरा. पण ज्यास तिची गोडी आधी लागलेली आहे, त्यासच.

सामान्य बंदिवानाची गोष्ट निराळी. आमच्या गोंदिया जिल्ह्यापुरतेच पाहावे. देवरी, सालेकसा ह्या तालुक्यांत गोंडी बोलणारी घरे आहेत. तेथल्या मुलास शाळेतील मराठी हीच दुसरी भाषा. अशा घरातील एखाद्यास सत्र न्यायालयाने शिक्षा ठोठावली, तर त्याचे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे चालते. आणि राज्यघटनेच्या ३४८व्या अनुच्छेदान्वये तेथील कामकाज इंग्रजीत होते. आपले अपील का फेटाळले गेले, ह्याची कारणे ज्या कागदावर लिहिली आहेत, तो कागद हाती असूनही त्या मनुष्याशी बोलत नाही. तो वाचता यावा म्हणून त्याने इंग्रजी मुळाक्षरे गिरवावयास घेतली, तर आपण काय म्हणावे?

कोणी म्हणेल, गरजेपोटी शिकलेली विद्या का विद्या नव्हे? आम्हीही इंग्रजी शिकलो ती पोटासाठीच. शेक्सपिअर पुढे भेटला. हा आक्षेप आम्हास मान्य आहे. गरजेने विद्या हिणकस होत नाही. परंतु एक भेद उरतोच. आम्ही इंग्रजी शिकलो ते आमच्यापाशी नव्हते असे काही मिळविण्यासाठी. हा बंदिवान शिकतो ते जे मुळातच त्याचे आहे, ते हाती यावे म्हणून. आपल्या शिक्षेचे कारण समजणे हा त्याचा हक्क आहे. त्यासाठी त्यास परभाषा शिकावी लागत असेल, तर त्याच्या चिकाटीचे कौतुक जरूर करावे. पण त्या कौतुकाखाली आपले देणे झाकू नये.

तुरुंगात इंग्रजीचा वर्ग नको, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. अलीकडे न्यायालयांनी निवडक निकालांची मराठी भाषांतरे करविण्यास आरंभ केला आहे, तो स्तुत्य आहे. परंतु ज्याची शिक्षा त्यास त्याचा निकाल त्याच्या भाषेत, हा नियम झाला पाहिजे. आणि जेथे मराठीही परकी, तेथे तो गोंडीत समजावून सांगणारा मनुष्य हवा. एवढे झाल्यावर ज्या बंदिवानास इंग्रजी शिकावीशी वाटेल, त्याने खुशाल शिकावी. मग ते शिकणे त्याच्या इच्छेचे असेल, आणि जेथे उठणे, बसणे, जेवणे सारे दुसऱ्याच्या हुकमाने चालते, तेथे स्वेच्छेने केलेले एवढे एक कामही थोडे नव्हे.